भिंतीपलीकडून येणारे चित्र पुन्हा सुरू करून मिळणेबाबत

प्रति,
मा. गाळे व्यवस्थापन अधिकारी,
वसाहत कार्यालय, तळमजला.
(आवक टेबलामार्फत)

विषय : अर्जदाराच्याच तक्रारीवरून झालेली दुरुस्ती रद्द करून मूळचा बिघाड पूर्ववत करून मिळणेबाबत, तसेच शेजारील गाळाधारकास बजावलेली नोटीस मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा तक्रारअर्ज.
२) अर्जदाराचे त्याच विषयावरील कडक शब्दांतले स्मरणपत्र.
३) आपल्या कार्यालयाने शेजारील गाळाधारकास बजावलेली नोटीस.
४) 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे' असे आपले पत्र.

महोदय,

अर्जात 'मी' लिहायचे नसते, 'अर्जदार' लिहायचे असते, असे आपल्या आवक टेबलावरील बाईंनी पहिल्याच खेपेस बजावून अर्ज परत केला होता. तेव्हापासून अर्जदार स्वतःला अर्जदारच म्हणत आला आहे. खाली जे लिहिले आहे ते सर्व त्या अर्जदाराच्या हातून घडले असे समजावे. त्यालाही ते तसे दुरून पाहिलेलेच सोसते.

१. अर्जदार हयातभर एका चित्रपटगृहात तिकिटे विकण्यास बसत असे. त्याचा सख्खा धाकटा भाऊ (यापुढे 'धाकटा') त्याच चित्रपटगृहात वरच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर चालवीत असे. तिकिटांची विक्री आटोपली की अर्जदार आपल्या टेबलाखालचे बटण दोनदा दाबी. वर केबिनमध्ये घंटा वाजे आणि धाकटा चित्र सुरू करी. घंटा झाल्याखेरीज त्याने कधीही सुरू केले नाही. एकदा मालक स्वतः केबिनमध्ये जाऊन ओरडला, तरी त्याने "दादाची घंटा आली नाही" एवढेच सांगितले व हाताची घडी घालून उभा राहिला. ते चित्रपटगृह आता बंद आहे व तेथे सोफे विकतात.

२. वडिलांच्या पश्चात त्यांचा गाळा दोघा भावांच्या नावे लागला. गाळ्याच्या हॉलला खिडकी एकच. अर्जदाराचे आयुष्य कोंदट खोक्यात गेल्यामुळे त्यास ती सताड उघडी लागे. धाकट्याचे आयुष्य काळोखात गेल्यामुळे त्यास ती बंद लागे, वर पडदाही लागे, कारण उजेड असला की टीव्हीवरचे चित्र धुऊन निघते असे त्याचे म्हणणे. अर्जदाराने उघडायची, धाकट्याने लावायची. आई होती तोवर ती मधे पडून खिडकी अर्धी ठेवी. आई गेल्यावर अर्धी खिडकी कोणालाच मान्य होईना. शब्दाने शब्द वाढला आणि दोन पिकल्या केसांची माणसे एका कडीवरून हमरीतुमरीवर आली. सबब आपल्याच कार्यालयाच्या परवानगीने हॉलच्या मधोमध प्लायवुडची भिंत घालण्यात आली व दुसरा दरवाजा व्हरांड्यात काढण्यात आला. खिडकी अर्जदाराच्या वाट्यास आली. काळोख धाकट्याच्या. ज्याला जे हवे होते ते मिळाले आणि त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांशी बोलणे सोडले.

भांडणाचे हे कारण वाचून कोणासही हसू येईल. आपल्या कार्यालयात तो नकाशा मंजूर करताना दोघे-तिघे हसले होते, ते अर्जदाराने पाहिले आहे.

३. पुढे आपण प्रत्येक मजल्याला मिळून एक वायफाय दिले. धाकट्याने फोन घेतला होता, टीव्ही दोघांकडेही होते. फोनवर जे चालू असेल ते तारेशिवाय टीव्हीवर पाठवता येते ही गोष्ट अर्जदारास ठाऊक नव्हती. ती त्यास अशी कळली की, बातम्या चालू असताना बातम्या देणारी बाई नाहीशी झाली आणि तिच्या जागी घोड्यावर बसलेला नायक गाणे म्हणू लागला. अर्जदाराने रिमोट आपटला. दुसऱ्या दिवशी मारामारी आली. त्यापुढे एका विधवेचा कोर्टातला प्रवेश आला आणि तो संपेपर्यंत हटला नाही. कधी टीव्ही बंद असताना आपोआप चालू होई. ही सारी चित्रे कधीकाळी आपल्याच चित्रपटगृहात लागलेली होती, हे अर्जदाराने पहिल्या दिवशीच ओळखले. तो टोमणा समजला. भिंतीपलीकडून डिवचण्याचा हा नवा मार्ग काढला आहे, असे मनाशी धरून त्याची तळपायाची आग मस्तकात गेली.

४. तेव्हा अर्जदाराने संदर्भ क्र. १ चा अर्ज दिला. आपल्या छापील नमुन्यात 'उपद्रवाचे कारण' या रकान्यापुढे दोनच पर्याय आहेत : 'नजरचूक' आणि 'खोडसाळपणा'. अर्जदाराने दुसऱ्यावर खूण केली. ज्या माणसाने जन्मभर भिंतीतल्या चौकोनी भोकातून नेमक्या पडद्यावर चित्र पाडले त्याचा नेम चुकायचा नाही, एवढे अर्जदारास समजत होते. म्हणजे खोडसाळपणाच. तिसरा पर्याय नमुन्यात छापलेला नाही, आणि अर्जदाराच्याही डोक्यात छापलेला नव्हता.

या अर्जावर आपल्या कार्यालयाने काहीही केले नाही. खेटे घालून अर्जदाराच्या चपला झिजल्या. आवक टेबलावरील बाई म्हणाल्या, "काका, रिमोटनं बंद करा ना. एवढ्यासाठी अर्ज?" अर्जदाराने त्यांना सुनावले की, प्रश्न टीव्हीचा नसून तत्त्वाचा आहे. आज त्यास असे वाटते की, महोदय, आपल्या कार्यालयाने त्याच्या अर्जावर जे काही आजवर केले त्यात ते काहीही न करणे तेवढे योग्य होते.

५. मध्यंतरी अर्जदाराच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढावा लागला. घरी पाहणारे कोणी नसल्यामुळे अर्जदार चित्रपटगृहातला जुना सोबती, जो अंधारात टॉर्च दाखवून लोकांना खुर्चीवर बसवी आणि ज्यास सर्व जण 'बॅटरी' म्हणत, त्याच्याकडे जाऊन राहिला. डोळा बरा झाल्यावर परतला. भिंतीपलीकडे शुकशुकाट होता. अर्जदारास बरे वाटले, हेही येथे लिहून ठेवतो.

मग एके सकाळी टीव्ही आपोआप चालू झाला. पडद्यावर पांढरा डगला घातलेली एक बाई आली व तिने अर्जदाराकडे पाहून जीभ बाहेर काढली. ती आत घेतली, पुन्हा काढली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. नंतर गाल फुगवले. अर्जदार चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिला. दुसऱ्या सकाळी तीच बाई, तीच जीभ. स्वतःला वेडावून दाखवायचे धाडस होत नाही म्हणून धाकट्याने परक्या बाईकडून वेडावून दाखवण्याची सोय केली आहे, असा अर्जदाराचा समज झाला.

त्या भरात संदर्भ क्र. २ चे स्मरणपत्र लिहिले गेले. त्यात 'ज्येष्ठ नागरिकाचा पद्धतशीर अवमान', 'जिभेचे अश्लाघ्य प्रदर्शन' आणि 'अन्यथा वरिष्ठांकडे दाद मागावी लागेल' ही वाक्ये आहेत. शेवटच्या वाक्याखाली अर्जदाराने रेघ मारली होती. आपल्या कार्यालयाला जाग आली ती त्या रेघेमुळे.

६. स्मरणपत्र टाकून आल्यावर लगेचची गोष्ट. बाई पडद्यावर आली, तोंड उघडून "आ" म्हणाली. अर्जदार रिमोट शोधत होता. तो सोफ्याच्या फटीत गेल्यामुळे चटकन सापडला नाही. तेवढ्यात प्लायवुडच्या पलीकडून कोणीतरी "आ" म्हणाले. तो आवाज एका बाजूला कललेला होता. बाई "ई" म्हणाली. पलीकडे "ए"सारखे काहीतरी झाले आणि भांडे पडल्याचा आवाज आला.

अर्जदार तो आवाज जन्मापासून ओळखतो. तो मोडलेला असला तरी ओळखतो.

व्हरांड्यात झाडू मारणाऱ्या बाईंना विचारता त्या म्हणाल्या, "अहो, तुम्हाला माहीत नाही? अर्धं अंग गेलं त्यांचं. अंग येतंय हळूहळू, पण वाचा नाही आली. तुम्ही नव्हता तेव्हा. मला वाटलं, सख्खे भाऊ, कळवलं असेल कोणीतरी." अर्जदाराने मान हलवली. ज्याचा भाऊ भिंतीपलीकडे मुका होऊन पडला आणि ज्याने त्या मुक्या माणसाच्या जिभेविरुद्ध लेखी तक्रार केली, तो हाच इसम, असे त्या बाईंना सांगण्याची हिंमत अर्जदारास झाली नाही. ती त्याने या अर्जाकरिता राखून ठेवली.

७. त्यानंतर अर्जदाराने रिमोटला हात लावला तो केवळ आवाज वाढवण्यासाठी. चित्र इकडे, विद्यार्थी तिकडे. म्हणून टीव्ही भिंतीला अगदी खेटून ठेवला. खालच्या मजल्यावरून आवाजाची तक्रार आली, ती आपल्याकडे असेलच. ती खरी आहे.

वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणारी ती पडद्यावरची बाई आधी स्वर घेई, मग वस्तूंची चित्रे दाखवून एकेक शब्द. पाणी. उशी. चमचा. धाकट्याची पत्नी दिवसा एका धुलाईकेंद्रात इस्त्रीचे काम करते, तेव्हा पलीकडे धाकटा एकटाच असे. 'पाणी' त्यास लवकर आले. 'चमचा' म्हणताना तो चिडे. मग एक दिवस बाईने खिडकीचे चित्र दाखवले आणि "खिडकी" म्हणाली. पलीकडे नुसता श्वास. बाई पुन्हा म्हणाली. पलीकडे "खी... खी..." आणि मग भिंतीवर मूठ आपटल्याचा आवाज. बाई काही जिवंत माणूस नव्हे, ती थांबत नाही. ती पुढच्या शब्दावर गेली.

अर्जदारास राहवले नाही. तो भिंतीला तोंड लावून मोठ्याने म्हणाला, "खिड. की." आपण मंजूर केलेली भिंत उभी राहिल्यापासून त्या दोन गाळ्यांमध्ये बोलला गेलेला हा पहिला शब्द होय. पलीकडे मूठ आपटायची थांबली. अर्जदार पुन्हा म्हणाला, "खिड. की. सावकाश." आणि बराच वेळ घेऊन, वाकडातिकडा, पण पुरता, तो शब्द भिंतीतून आला. अर्जदार खुर्चीत बसला व रडला. हे अर्जात लिहिणे प्रशस्त नव्हे, परंतु वस्तुस्थिती आहे.

तेव्हापासून बाई पुढे गेली तरी अर्जदार मागे थांबू लागला. ती म्हणे एकदा, अर्जदार म्हणे लागेल तितक्यांदा. याखेरीज दुसरे काही दोघे बोलत नसत. कसा आहेस, जेवलास का, असले काही नाही. दार. ताट. साखर. रस्ता. एवढ्यावर दोघांचे उत्तम चालले होते.

८. आणि अशा वेळी, महोदय, आपल्या कार्यालयाने काम केले. तत्परतेने केले. अर्जदार शब्द शिकवीत असतानाच आपला वायफायवाला दारात येऊन उभा राहिला व म्हणाला, "काका, तुमची कम्प्लेंट होती ना? घ्या, साहेबांनी अर्जंट करायला सांगितलंय." अर्जदाराने त्यास परोपरीने विनवले की, तक्रार राहिलेली नाही, परत जा. तो म्हणाला, "निकाली काढल्याशिवाय मला जाता येत नाही. माझ्या नावावर दिसतं." त्याने दोन्ही गाळ्यांना वेगवेगळे कुलूपबंद वायफाय लावून दिले, पलीकडे जाऊन धाकट्याचा फोनही नीट करून दिला, आणि व्हरांड्यात येऊन अर्जदारास जे सांगितले ते जसेच्या तसे खाली देत आहे :

"काका, हे आपोआप जात नसतं हो. फोनवर टीव्हींची यादी येते, त्यातून आपण निवडायचा असतो. यांच्या यादीत दोन होते. एकाला नाव दिलं होतं 'घरचा'. दुसऱ्याला दिलं होतं 'दादा'. रोज 'दादा'वर बोट ठेवायचे ते. नजरचूक कसली त्यात?"

अर्जदाराने विचारले, "मग आता?"

तो म्हणाला, "आता काढून टाकलं ना. 'दादा' दिसणारच नाही यादीत. करा सही."

अर्जदाराने सही केली. त्याच सहीच्या आधारे आपण संदर्भ क्र. ४ चे पत्र पाठवले आहे व त्यात 'समाधानकारकरीत्या' असा शब्द वापरला आहे.

घोड्यावरचा नायक, मारामारी, कोर्टातली विधवा, सगळे त्याने बोट ठेवून दादाला पाठवले होते. उजेडात चित्र धुऊन निघत असतानाही पाठवले होते. अर्जदाराने त्याची पोच दिली ती आपल्या छापील नमुन्यावर.

९. इतक्यावर भागले असते तर अर्जदार मूग गिळून बसला असता. परंतु आपण धाकट्यास संदर्भ क्र. ३ ची नोटीसही बजावली आहे. तीत असे म्हटले आहे की, 'शेजारील गाळ्यातील दूरचित्रवाणी संचावर अनधिकृतपणे दृश्ये पाठवण्याचा प्रकार तात्काळ बंद करावा व आपला गाळा काढून का घेण्यात येऊ नये याबाबत समक्ष हजर राहून तोंडी खुलासा करावा. खुलासा न केल्यास आपणास काही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येईल.'

महोदय, 'तोंडी' हा शब्द पुन्हा एकदा वाचावा.

हे कळताच अर्जदार व्हरांड्यातून चालत त्या दुसऱ्या दरवाजाशी गेला. तो दरवाजा त्याने कधी वाजवलेला नव्हता. धाकट्याची पत्नी नोटीस हातात घेऊनच उभी होती. ती आवाज न चढवता बोलली, ते अधिक लागले. "भाऊजी, मी यांच्या टीव्हीवर लावून देते ती बाई. हे मान फिरवतात. भिंतीकडे तोंड करून बसतात. एक शब्द काढत नाहीत. डॉक्टर म्हणतात, आत्ताच जे येईल ते येईल, नंतर जीभ अशीच राहील. आणि त्यात हा कागद. यांना वाचता येतं, वाचलाय यांनी. खाली तुमचं नाव आहे, 'यांच्या तक्रारीवरून' म्हणून." अर्जदाराने आत येऊ का, असे विचारले. ती म्हणाली, "आत्ता नको. तुम्हाला बघून काय होईल त्यांचं, मला नाही सांगता यायचं. तुमच्या अर्जानं हे आलंय, तुमच्याच अर्जानं जाऊ दे. मग या."

तिचे म्हणणे अर्जदारास शंभर टक्के मान्य आहे. म्हणून हा अर्ज.

१०. सबब विनंती की,

(अ) धाकट्यास बजावलेली नोटीस विनाअट मागे घ्यावी. खुलासा घ्यायचाच असेल तर तो अर्जदाराकडून घ्यावा. अर्जदारास बोलता येते व त्याने त्या देणगीचा आजवर काय उपयोग केला तो वर आलेलाच आहे.

(ब) दोन्ही गाळ्यांचे वायफाय पूर्वीसारखे एक करून धाकट्याच्या फोनवरील यादीत अर्जदाराचा टीव्ही होता त्याच नावाने परत आणावा. नाव बदलू नये.

(क) आवक टेबलावरील बाईंनी तोंडी कळवल्याप्रमाणे 'बिघाड करून देण्याची तरतूद नियमात नाही' असे असल्यास, अर्जदाराचाच गाळा नादुरुस्त म्हणून नोंदवावा. तेही जमत नसल्यास मधली भिंत अनधिकृत ठरवून पाडावी. ती अधिकृत असल्याचे कागद अर्जदार हरवून देण्यास तयार आहे.

(ड) यापैकी काहीच जमण्यासारखे नसल्यास गाळा काढून घ्यायचा तो अर्जदाराचा काढून घ्यावा, खिडकीसकट, आणि तो धाकट्याच्या गाळ्याला जोडून द्यावा. अर्जदार बॅटरीकडे जाऊन राहील. मात्र सकाळच्या वेळी, बाई पडद्यावर येते तेव्हा, त्यास व्हरांड्यात उभे राहू द्यावे.

(इ) काहीही करावे, पण लवकर करावे. अर्जदारावर उपकार म्हणून उशीर करण्याची वेळ निघून गेली आहे.

अर्जदार यापुढे आपल्या कार्यालयाकडे कोणाचीही, कशाचीही तक्रार करणार नाही, असे या अर्जाद्वारे लिहून देत आहे.

आपला नम्र व स्वतःच्याच अर्जाने नाडलेला,

(सही)
गाळाधारक, खिडकीकडील बाजू
दिनांक : आपण पोचेचा शिक्का माराल तो

सोबत :
१) तक्रारअर्ज व स्मरणपत्र यांच्या प्रती. (दोन्ही फाडून टाकण्याची परवानगी द्यावी.)
२) नोटिशीची प्रत, 'तोंडी' या शब्दाखाली रेघ मारून.
३) अर्जदाराच्या टीव्हीचा रिमोट. चित्र परत येईपर्यंत तो कार्यालयातच ठेवावा.

प्रत माहितीसाठी :
धाकटा, भिंतीपलीकडे. (यास वाचता येते.)
खिडकी आजपासून लावून घेतली आहे आणि तिला जाड पडदाही घातला आहे. आता इकडे चित्र स्वच्छ दिसेल. टीव्हीवर येवो न येवो, उद्या सकाळी भिंतीवर दोनदा वाजवीन. म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे.